रेणूंच्या लांबीचा हिशेब

चंडीगड शहरात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ साली निघाली. वैज्ञानिक उपकरणे घडविणारी केंद्रीय संघटना १९५९ साली दिल्लीत स्थापन झाली होती. तीही १९६२ मध्येच या शहरी आली. आणि त्याच वर्षी इंग्लंडात जॉन चार्नली या शस्त्रवैद्याने खुब्याच्या कृत्रिम सांध्यात पॉलिएथिलीनची वाटी बसविण्यास आरंभ केला. या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि शस्त्रवैद्य आणि उपकरणकार यांना एकत्र आणणारा एक प्रश्न त्या वाटीत दडलेला आहे.

चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरले होते. ते अवघ्या काही वर्षांत झिजले आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करणे भाग पडले. पॉलिएथिलीन टिकले. पण कोणते पॉलिएथिलीन? मेणबत्तीचे मेण, दुधाची पिशवी आणि ही वाटी यांची रासायनिक घडण जवळजवळ एकच, कार्बनच्या साखळीची. मेणाचा रेणुभार काही शेकडे, पिशवीचा लाखाच्या घरात, वाटीचा मात्र कित्येक दशलक्ष. मेण नखाने खरवडते. वाटी वर्षानुवर्षे धातूच्या गोळ्याचे घर्षण सोसते.

रेणू काही तराजूत घालता येत नाही. असे प्रचंड रेणू असतात, हेच मुळी १९२० साली हेर्मान स्टाउडिंगर यांनी मांडले तेव्हा बहुतेकांना पटले नव्हते. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते १९५३ साली. त्यांनी दाखविलेली वाट साधी आहे. पदार्थ विद्रावकात विरघळवावा, तो विद्राव काचेच्या बारीक नळीतून वाहू द्यावा आणि दोन खुणांमधील अंतर तोडण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. शुद्ध विद्रावकाहून जितका अधिक वेळ, तितकी साखळी लांब. आपल्या वाटीसाठी विद्रावक डेकॅलिन, आणि तापमान १३५ अंश सेल्सियस! त्या उष्णतेत ऑक्सिजन साखळ्या तोडू लागतो. म्हणजे मोजणाराच मोजावयाची वस्तू बिघडवितो. म्हणून विद्रावात प्रतिबंधक द्रव्य घालावे लागते.

शिवाय साऱ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. प्रत्येक साखळीस एकच मत दिले तर एक सरासरी निघते, वजनाप्रमाणे मत दिले तर दुसरी. परासरणदाबाने पहिली कळते, प्रकाशाच्या विकिरणाने दुसरी. नळीतून निघणारी सरासरी या दोहोंच्या मधली, बहुधा दुसरीच्या जवळची. आखूड साखळ्यांचा मोठा भरणा अशा एका आकड्याआड सहज लपतो. १९६४ नंतर सच्छिद्र जेलमधून रेणू आकारानुसार वेगळे करण्याची रीत रूढ झाली, पण इतक्या अवजड साखळ्यांपुढे तीही अडखळते.

कारखान्यात हे सारे नीट जमले तरी धोका सरत नाही. पूर्वी या वाट्या हवेत ठेवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करीत. किरणांनी साखळ्या तुटत, ऑक्सिजन तेथे शिरे, आणि कपाटात नुसत्या पडून असलेल्या वाट्याही वर्षांगणिक ठिसूळ होत. आता निर्जंतुकीकरण निष्क्रिय वायूत किंवा निर्वात वेष्टनात करतात, आणि रुग्णाच्या हाडात बसणाऱ्या वाटीच्या वेष्टनावर मुदतीची तारीखही छापलेली असते.