खिळा, कमान आणि गोळी



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळांनी 'बॅगाटेल' हा खेळ खेळला असेल. वरच्या बाजूस गोलाई दिलेला लाकडी फळा, त्यावर ठोकलेले खिळे, खिळ्यांच्या कुंपणात आकडे लिहिलेल्या खळग्या आणि उजव्या अंगाला गोटी उडविण्याचा दट्ट्या. तो ओढायचा, सोडायचा, आणि गोटी खिळ्यांवर टकटक आपटत खाली येईपर्यंत मान तिरकी करून बसायचे. मान तिरकी केल्याने गोटीच्या वाटेत तसूभर फरक पडत नाही, हे ठाऊक असूनही आपण ती करतोच. आणि वडीलमाणसांचे लक्ष नाही असे दिसले, की फळ्याचा कोपरा हळूच उचलतो.

ज्ञानसत्रात खेळण्यावर व्याख्यान कशाला, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. त्यांना माझे उत्तर हा उचललेला कोपराच आहे. याच फळ्यापासून अमेरिकेत 'पिनबॉल' नावाचे यंत्र तयार झाले. पिन म्हणजे हे खिळे. त्या यंत्रात एकामागून एक जे नवे भाग आले, त्यांतले महत्त्वाचे बहुतेक एकाच भांडणातून जन्मले आहेत. गोळी कोठे जाणार हे ठरवायचे कोणी? खेळणाऱ्याच्या हाताने, यंत्र करणाऱ्याने, की दैवाने? हे भांडण पुढे महापौरांच्या कचेरीत आणि न्यायालयातही गेले.

मूळ खेळ फ्रान्समधला. १७७७ साली सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने आपल्या वहिनीशी, राणी मारी आंत्वानेतशी पैज मारून पॅरिसजवळ ६४ दिवसांत एक महाल उभा केला. त्या महालाचे नाव बॅगाटेल, म्हणजे क्षुल्लक गोष्ट. तेथल्या मेजवानीत हा खेळ मांडला गेला आणि महालाचेच नाव त्याला मिळाले, असे सांगतात. त्या वेळी तो बिलियर्डचा धाकटा भाऊ होता. मेजावर काठीने चेंडू ढकलायचा आणि टोकाच्या खळग्यांत घालायचा. यात नेम सारा खेळणाऱ्याचा.

१८७१ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी गावी, माँटेग्यू रेडग्रेव्ह या मूळच्या इंग्रज गृहस्थाने या खेळातील सुधारणांचे पेटंट घेतले. त्याने काठी काढून टाकली आणि तिच्या जागी कमान बसविलेला दट्ट्या दिला. फळा उतरता केला, चेंडूची गोटी केली. खेळ मेजावरून मांडीवर आला. पण काठी गेली तशी दिशाही खेळणाऱ्याच्या हातातून गेली. त्याच्याकडे उरले ते एवढेच, की दट्ट्या किती ओढायचा.

हे 'किती' फार नाजूक असते. कमान दुप्पट ओढली तर तिच्यात साठणारी शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे हातातला लहानसा फरक गोटीच्या अंगी मोठा होऊन उतरतो. मग गोटी पहिल्या खिळ्यावर आदळते. ती खिळ्याच्या डाव्या अंगाला केसभर लागली की डावीकडे, उजव्या अंगाला लागली की उजवीकडे, आणि दुसऱ्या खिळ्यापाशी पुन्हा तोच प्रकार. चार-पाच खिळे ओलांडले, की हाताचे कसब कोठे संपले आणि दैव कोठे सुरू झाले हे सांगणे कठीण. त्याच दशकात इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन हा शास्त्रज्ञ खिळ्यांच्या फळ्यावरून शिशाच्या छऱ्यांची रास खाली सोडून यदृच्छेचे नियम लोकांना दाखवीत होता. एकाच्या हाती फळा शास्त्राचे साधन झाला, दुसऱ्याच्या हाती करमणुकीचे. खिळे मात्र तेच.

यानंतर साठ वर्षे विशेष काही घडले नाही. घडले ते १९३१ साली, महामंदीच्या काळात. शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' नावाचे यंत्र बाजारात आणले. रेडग्रेव्हचाच फळा, पण काचेखाली बंद केलेला आणि दुकानाच्या फळीवर ठेवता येण्याजोगा. एक सेंट टाकला की पाच-सात गोळ्या मिळत. यंत्राची किंमत साडेसतरा डॉलर, आणि ५० हजारांहून अधिक यंत्रे खपली. मागणी इतकी, की रेमंड मोलोनी या विक्रेत्याला पुरेसा माल मिळेना. तेव्हा त्याने स्वतःच 'बॅलीहू' नावाचे यंत्र केले, आणि त्यावरूनच पुढे बॅली ही विख्यात कंपनी झाली. कामधंदा नसलेल्या माणसाला एका सेंटात पाच मिनिटे काळजी विसरता येत होती. मंदीत सगळे धंदे बसले आणि हा उभा राहिला, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता आपल्या उचललेल्या कोपऱ्याकडे येऊ. सेंट टाकणारा माणूस दैवावर भरवसा ठेवून उभा राहत नाही. तो यंत्राला ढकलतो, हलवतो, खालून थापा मारतो. हॅरी विल्यम्स नावाचा लॉस एंजेलिसचा तरुण यंत्र-रचनाकार आपलेच एक यंत्र दुकानात कसे चालते ते पाहायला गेला, तर एक खेळणारा खालून थापा मारून भराभर गुण मिळवीत होता. विल्यम्सने प्रथम रागाने यंत्राच्या बुडाला खिळे ठोकून टोके बाहेर काढली, असे सांगतात. वरचे खिळे गोळीसाठी, खालचे माणसासाठी! पण गिऱ्हाइकाचे हात रक्तबंबाळ करून धंदा चालत नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात आले. मग त्याने यंत्रात एका लहानशा बैठकीवर एक गोळी तोलून ठेवली. धक्का बसला की ती खाली पडे आणि डाव बाद होई. एका खेळणाऱ्याच्या तोंडून 'टिल्ट' म्हणजे 'कलला' हा शब्द ऐकून तेच नाव त्याने त्या युक्तीला दिले.

त्यानंतरची सुधारणा अधिक सुंदर आहे. एका धातूच्या कड्यामधून लहानसा लंबक लोंबत ठेवायचा. यंत्र थोडे हलले तर लंबक कड्याच्या आतच झुलतो. जोराने हलले, की तो कड्याला टेकतो, विजेचे मंडल पूर्ण होते आणि खेळ बंद. यातली मौज अशी, की ढकलण्याला पुरती बंदी नाही. कड्याची रुंदी हीच मर्यादा. लंबक टेकणार नाही इतपत धक्का कसा द्यावा, हे पुढे खेळणाऱ्यांचे एक कसबच झाले. सरसकट मनाई करण्यापेक्षा हे शहाणपणाचे होते, असे मी म्हणेन.

विजेचा प्रवेश यंत्रात झाला तोही विल्यम्सच्याच हातून. १९३३ सालच्या त्याच्या 'काँटॅक्ट' या यंत्रात गोळी खळगीत पडली की तिच्या वजनाने मंडल पूर्ण होई, तारेच्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह जाई, त्याच्या चुंबकशक्तीने लोखंडी दांडा उसळे आणि गोळीला पुन्हा मैदानात फेकी. खळगी आतापर्यंत गोळीचे अखेरचे ठिकाण होती, ती आता वाटेतला मुक्काम झाली. १९३६ च्या अखेरीस बॅलीने 'बंपर' हे यंत्र आणले, आणि त्यात खळग्या नव्हत्याच. खुंट्यांभोवती कमानी होत्या. गोळी आदळली की कमान लवे, तिचे टोक कड्याला टेके आणि गुण आपोआप मोजला जाई. पूर्वी खेळ संपल्यावर बेरीज करावी लागे, ती आता यंत्रच करू लागले.

पण इतके होऊनही गोळी एकदा सुटली की खेळणारा प्रेक्षकच. त्यात काही यंत्रे जिंकणाऱ्याला रोख पैसेही देऊ लागली. तेव्हा हा जुगार आहे असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे सोपे राहिले नाही. लॉस एंजेलिसने १९३९ साली बंदी घातली. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्दिया यांनी जानेवारी १९४२ मध्ये हजारो यंत्रे जप्त करविली, स्वतः हाती घण घेऊन काही फोडली आणि अवशेष पाण्यात टाकविले. गंमत म्हणजे ज्या शिकागोत ही यंत्रे बनत, त्या शिकागोतही ती खेळायला बंदी होती. पोरांच्या खाऊचे पैसे ही यंत्रे गिळतात, हा महापौरांचा राग मला खोटा वाटत नाही. जुगार कशाला म्हणावे हा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात मुंबई राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि १९५७ साली त्या न्यायालयानेही कसबाची स्पर्धा व जुगार यांत भेद केला.

खेळणाऱ्याला हात मिळाला तो १९४७ साली. गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्ज या रचनाकाराने सहा 'फ्लिपर' बसविले, एकेका बाजूला तीन. फ्लिपर म्हणजे एक आखूड वल्हे. बाजूचे बटण दाबले की वेटोळे दांडा ओढते आणि वल्हे फिरून गोळीला फटकावते. ती वल्ही दुबळी होती. गोळीला एका झटक्यात वर पोचवणे त्यांना जमत नसे. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, अशी ती पायरीपायरीने चढवावी लागे. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल ॲक्शन' या यंत्रात सहाऐवजी दोनच वल्ही तळाशी ठेवली आणि त्यांना एकदिश प्रवाह देऊन जोर आणला. मूळ हेतू खर्च वाचवण्याचा! पण आता निसटत्या गोळीला शेवटच्या क्षणी परतवून थेट माथ्यापर्यंत पाठवता येऊ लागले. काठी गेल्यापासून हरवलेला नेम पाऊणशे वर्षांनी परत आला. पुढच्या बहुतेक यंत्रांनी ही मांडणी उचलली.

कायद्याला हे कळायला मात्र आणखी पाव शतक लागले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली लॉस एंजेलिसची बंदी उठविली. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९७६ मध्ये नगरपरिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला साक्षीसाठी उभे केले. सोबत दोन यंत्रे आणली होती. पहिल्यात काही हातचलाखी असेल या शंकेने एका सभासदाने दुसऱ्यावर खेळायला लावले. शार्प खेळले, पण सभासदांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा ते म्हणाले, आता गोळी वरच्या मधल्या वाटेतून जाईल, पाहा. त्यांनी बोट दाखविले आणि दट्ट्या ओढला. वल्ह्यांना येथे काही काम नव्हते. काम होते त्या १८७१ च्या कमानीचे. गोळी वर गेली, वळली आणि बरोबर मधल्या वाटेने खाली आली. समितीने बंदी उठविण्याच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची बंदी संपली.

तो फटका बराचसा नशिबानेच साधला, हे शार्प यांनी पुढे स्वतःच कबूल केले आहे.