कराला सालगड्यासारखें ठेवा

(छत्रपति संभाजीनगर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



शेतकरी कर देत नाहीं, असें शहाणे लोक म्हणतात. मग चप्पल, साबणाची वडी, विहिरीवरची मोटार घेतांना तुम्ही जे पैसे मोजतां, त्यांत सरकारचा वांटा नसतो काय? असतो, पण तो किमतींत दडून बसतो.

पूर्वीं हा कर वेशीवर उभा असे. त्याचें नांव जकात. 2011 सालीं या शहरांत जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. 2015 सालीं बहुतेक व्यापारी त्यांतून सुटले, आणि 1 जुलै 2017 रोजीं वस्तू व सेवा कर आला तेव्हां तोही संपला. व्यापाऱ्याची कटकट गेली. तुमचें देणें गेलें नाहीं. आतां तुमचा पैसा मुंबई-दिल्लीस जातो, आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून सरकार महानगरपालिकेला रक्कम देतें. इतका लांबचा फेरा घालून आलेला पैसा आपला आहे, हें ओळखूंच येत नाहीं. मग त्याचा हिशेब कोण मागणार?

शहराला बस हवी कीं नको? हवीच! वाळूजला पाळीवर जाणारा कामगार, जाधववाडीच्या बाजारांत मेथीच्या जुड्या आणणारी बाई, हिमरू विणणारा कारागीर, यांच्या दारांत मोटारी नाहींत. बस नसली तर त्यांची निम्मी कमाई रिक्षांत जाते. जानेवारी 2019 मध्यें स्मार्ट सिटीच्या पैशांतून येथें शहर बस सुरू झाली. परंतु गाड्या एकदां घेणें सोपें. डिझेल, टायर, चालक-वाहकांचा पगार हा खर्च रोजचा. नुसत्या तिकिटांवर तो भागत नाहीं, आणि केंद्राची स्मार्ट सिटी योजना तर 31 मार्च 2025 रोजीं संपली.

म्हणून उद्यां कोणी बससाठीं नवा कर मागेल. तेव्हां घाबरूं नका, आणि मुकाट्यानें मानही डोलवूं नका. अमेरिकेंत 1971 सालीं अटलांटा शहराच्या दोन परगण्यांतील लोकांनीं मतदान करून विक्रीवर शेंकडा एक कर कबूल केला, आणि 40 सेंटांचें बसचें तिकीट 15 सेंटांवर आलें. एका हातानें दिलें, दुसऱ्या हातानें मिळालें. तिकडें कित्येक ठिकाणीं असा कर ठराविक वर्षांपुरताच असतो. मुदत सरली कीं कारभाऱ्यांना पुन्हां लोकांच्या दारीं यावें लागतें.

आमचा अनुभव काय? इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड घेत. रस्त्यांसाठीं, शाळांसाठीं म्हणून घेत. पण कुणब्याचीं पोरें शाळेबाहेरच राहिलीं, आणि जोतीरावांना ‘शेतकऱ्याचा असूड’ उगारावा लागला. आणि आपल्या या शहरांत? महानगरपालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्यें संपली, त्यानंतर पांच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. वसुली थांबली नाहीं. सभागृहांत जाब विचारणारा मात्र कोणी नव्हता. फुलंब्री-खुलताबादचा शेतकरी तर गुलमंडीवर खरेदी करून कर देतो, पण त्याला शहरांत मतच नाहीं!

बंधूंनो, पाडव्याला सालगडी ठेवतां तेव्हां काम, साल आणि मोबदला आधीं ठरवतां. साल सरलें कीं झालेलें काम पाहूनच पुढचा करार करतां. करालाही तसेंच ठेवा. कर कशासाठीं, हें कायद्यांत लिहा. किती वर्षें, तेंही लिहा. दरसाल हिशेब वार्डांत आणि गांवच्या चावडीवर मराठींत वाचून दाखवा. आणि ज्या गांवचा पैसा शहराच्या बाजारांत येतो, त्या गांवच्या फाट्यापर्यंत बस आणा.

इतकें करणाराला आम्ही दमडीही नाकारणार नाहीं. जो करणार नाहीं, त्याला पाडव्याला रामराम!