भयपटांची घरगुती क्रमवारी

सहा माणसें, एक वही आणि पाहिलेल्या भयपटांची यादी एवढें साहित्य असलें कीं ह्या खेळाला दुसरें कांहीं लागत नाहीं. विरार पूर्वेच्या चंदनसारसारख्या वस्तींत, जेथें कामकरी माणसाचे आठवड्यांतील कितीतरी तास लोकलगाडींत जातात, तेथें सुटीच्या रात्रीं घरींच बसून खेळण्याजोगा हा खेळ आहे. प्रत्येकानें दहांपैकीं गुण द्यावे, बेरीज करावी आणि पहिला आलेला चित्रपट दिवे मालवून पुनः पाहावा. दिसावयास ही निव्वळ करमणूक. परंतु कोणाची आवड तळाशीं जावी हें येथें हिशेबाच्या रीतीवर ठरतें, आणि बहुधा तळाशीं जाते ती घरांतील सर्वांत वडील माणसाची.

तिचा चित्रपट म्हणजे बहुतेक १९४९ चा 'महल'. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोही ह्यांनीं दिग्दर्शित केला, संकलन बिमल रॉय ह्यांचें, आणि नायिका मधुबाला त्या वेळीं अवघी सोळा वर्षांची. त्यांतील लताबाईंच्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नांव छापलें होतें तें पात्राचें, 'कामिनी'! श्रोत्यांनीं नभोवाणीकडे विचारणा केली, तेव्हां खरें नांव बाहेर आलें.

मधल्या पिढीचा कौल १९८४ च्या 'पुराना मंदिर'ला. तुलसी व श्याम रामसे ह्यांचा हा चित्रपट. रामसे बंधूंनीं १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनि हीं कामें घरच्या घरींच वांटून घेतलीं होतीं, आणि त्या पहिल्या भयपटाचें चित्रण महाबळेश्वरीं उरकलें होतें. तरुणांचा चित्रपट अर्थात् राही अनिल बर्वे ह्यांचा २०१८ चा 'तुंबाड'. नांव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या कादंबरीवरून सुचलेलें, कथेचें बीज नारायण धारपांचें, पाऊस मात्र अस्सल कोंकणी.

आतां हिशेब पाहावा. 'महल' घरांतील दोघांनींच पाहिला आहे आणि दोघांनींही ९ गुण दिले, बेरीज १८. 'पुराना मंदिर' सहाही जणांनीं पाहून प्रत्येकीं ५ गुण दिले, बेरीज ३०. म्हणजे ज्यानें कोणास फारसें घाबरविलें नाहीं तो वर, आणि ज्यानें पाहणाऱ्यांची झोंप उडविली तो खालीं. न पाहिलेल्या चित्रपटास शून्य धरणें हा सरळ अन्याय होय. बरें, नुसती सरासरी घ्यावी, तर एकट्यानेंच पाहून १० गुण दिलेला कोणताही टाकाऊ चित्रपट अग्रस्थानीं जाऊन बसतो.

ह्यावर तोड अशी कीं प्रत्येक चित्रपटाला दोन काल्पनिक प्रेक्षक जोडावे व त्यांचे मध्यम, म्हणजे ५-५ गुण मिळवावे. 'महल'चे २८ गुण चौघांत वांटले कीं ७ येतात. 'पुराना मंदिर'चे ४० आठांत, म्हणजे ५. आणि त्या एकट्याच्या लाडक्या चित्रपटाला २० भागिले ३, म्हणजे पावणेसातांहूनही कमी. इंटरनेट मूव्ही डेटाबेस ह्या चित्रपटकोशाच्या सर्वोत्तम २५० च्या यादींतही निव्वळ सरासरी न घेतां अशीच तोललेली सरासरी वापरतात.

गुणांचा वीट आलेले लोक जोड्या लावतात. दहा चित्रपटांच्या जोड्या होतात ४५. मात्र त्यांचे संभाव्य क्रम ३६,२८,८००. येथेंही एक खांच आहे. एकाचा क्रम महल, मंदिर, तुंबाड. दुसऱ्याचा मंदिर, तुंबाड, महल. तिसऱ्याचा तुंबाड, महल, मंदिर. दोन विरुद्ध एक मतानें महल मंदिरास हरवितो, मंदिर तुंबाडास, आणि तुंबाड पुनः महलास! फ्रान्समधील काँदोर्से ह्यानें हें कोडें १७८५ सालींच मांडलें होतें. अशा वेळीं वही ज्याच्या हातीं तोच पारधी ठरतो. म्हणून वही आळीपाळीनें फिरवावी.

शिवाय चिठ्ठीवर तारीख घालावी. १३ सप्टेंबर २०२४ रोजीं 'तुंबाड' पुनः चित्रगृहांत आला आणि त्यानें पहिल्या खेपेपेक्षां अधिक गल्ला जमविला; चित्रपट तोच, प्रेक्षक बदलले होते.

'महल'मधील भूत अखेरीस माळ्याची जिवंत मुलगी निघते, तेव्हां तो भयपटच नव्हे, असा आक्षेप तरुण मंडळी घेतात. त्यांनीं आधीं तो पाहावा, म्हणजे त्यांच्या दोन-तीन चिठ्ठ्या तरी वाढतील.