किती अंशांवर, किती रुपयांत



तुमच्या पदवीपत्रांवर विषयांची नावं वेगवेगळी आहेत. कुणाचं जैववैद्यक, कुणाचं सार्वजनिक आरोग्य, कुणाचं पदार्थरसायन. शिकताना ही विभागणी सोयीची असते. इमारती वेगळ्या, वेळापत्रकं वेगळी, एकमेकांबद्दलचे गैरसमजही वेगळे. पण गेल्या काही वर्षांतलं जे संशोधन मला खरोखर मोलाचं वाटलं, त्यानं या भिंतींना फारशी किंमत दिलेली नाही. आज त्यातल्या दोन-चार गोष्टी सांगणार आहे. उपदेश शक्यतो टाळतो. या व्यासपीठावरून तो पुष्कळ झालेला असणार.

सुरुवात एका चौकोनापासून करू. उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी एएनएम ताई व्हॅक्सीन कॅरियर उघडतात, कुपी बाहेर काढतात आणि आधी लेबलवर नजर टाकतात. तिथे एक छोटा रंगीत गोल असतो आणि गोलाच्या पोटात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस द्यायची. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, की कुपी बाजूला ठेवायची. याला सगळे ‘व्हीव्हीएम’ म्हणतात. त्या चौकोनात डायॲसिटिलीन जातीचं संयुग असतं. उष्णता लागली की त्याचे रेणू घन अवस्थेतच एकमेकांत गुंफत जातात आणि रंग गडद होतो. ऊन जास्त, तर वेग जास्त. कारखान्यातून निघाल्यापासून कुपीनं सोसलेल्या साऱ्या उष्णतेची बेरीज तो चौकोन करत असतो. तो बदल परत फिरत नाही. फ्रिजमध्ये पुन्हा ठेवून कुणाला लबाडी करता येत नाही. १९९६ मध्ये पोलिओच्या कुप्यांवर हा चौकोन आला आणि नंतर इतर लसींवर पसरला.

हा चौकोन फक्त उष्णता ओळखतो. लस गोठून खराब झाली तर त्याला पत्ता लागत नाही. हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. गोठल्यावर त्यांचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. म्हणून शेक टेस्ट करतात. एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपी तिच्यासोबत हलवायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि गाळ कुठे लवकर बसतो ते पाहायचं. पदार्थरसायनाच्या विद्यार्थ्यांनो, कोलॉइडच्या स्थैर्याचा जो धडा तुम्ही परीक्षेपुरता पाठ केलात, तो आरोग्यकेंद्राच्या टेबलावर असा वापरला जातो. पाठ केलात हे गृहीत धरतोय.

माझं म्हणणं साधं आहे. औषध किती अंशांवर टिकणार आणि किती रुपयांना मिळणार, हे प्रश्न संशोधन संपल्यावर वितरण विभागाकडे ढकलून द्यायचे नसतात. पहिल्या दिवसापासून ते प्रयोगशाळेतच विचारावे लागतात. तसे विचारले, की विज्ञानच बदलतं.

आफ्रिकेतलं उदाहरण घ्या. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत देशांचा एक पट्टा आहे. कोरड्या, धुळीच्या महिन्यांत तिथे मेंदूज्वराची साथ उसळते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. मुख्य दोषी मेनिन्गोकोकसचा ‘ए’ गट. लस करणं शास्त्राच्या दृष्टीनं शक्य होतं, पण मोठ्या कंपन्यांना त्या बाजारात रस नव्हता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेनं मिळून प्रकल्प सुरू केला, तेव्हा आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकच गोष्ट ठामपणे सांगितली: एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून जास्त आम्हाला झेपणार नाही. म्हणजे किंमत आधी ठरली, लस नंतर.

आता रसायनशास्त्र पाहा. या जंतूवर साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं. नुसतं ते कवच टोचलं तर लहान मुलांचं शरीर त्याकडे नीट लक्ष देत नाही आणि आठवणही ठेवत नाही. तीच साखळी एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडली, की टी-पेशी कामाला लागतात. पण ही जोडणी नखरेल असते. बराचसा माल वाया जातो, आणि वाया गेलेल्या मालाची किंमत उरलेल्या मालावर चढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत कार्ल फ्रॅश आणि रॉबर्ट ली यांनी जोडणीची अशी पद्धत बसवली, की उत्पादन चांगलं यावं. ती पद्धत पुण्यात हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं शिकून घेतली. सुरुवातीला शर्करा ॲमस्टरडॅमहून आली. जोडायचं प्रथिन, म्हणजे धनुर्वाताचं टॉक्सॉइड, पुण्याचंच होतं. अर्ध्या डॉलरची अट पुरी झाली ती कुणी उदार झालं म्हणून नव्हे. जोडणीचा उतारा वाढला, म्हणून झाली.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूमध्ये, ही ‘मेनआफ्रिव्हॅक’ लस द्यायला सुरुवात झाली. एक ते एकोणतीस वर्षांच्या सगळ्यांना. पुढे पट्ट्यातल्या तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ‘ए’ गटाची साथ तिथून जवळपास नाहीशी झाली.

या कथेतला माझा आवडता भाग २०१२ चा आहे. तोवर प्रत्येक पथकाला बर्फाच्या पेट्या वाहून न्याव्या लागत. स्थैर्याची आकडेवारी पुन्हा बारकाईनं तपासल्यावर दिसलं, की ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस तग धरते. लेबल बदलायला रीतसर परवानगी मिळाली आणि बेनिनमधल्या मोहिमेत पथकं गावांत बर्फाशिवाय गेली. नवा रेणू नाही, नवं यंत्र नाही. हाती असलेली माहिती कुणीतरी नीट वाचली आणि नियामकाकडे चिकाटीनं पाठपुरावा केला. या कामाचं श्रेय कुणाच्या नावावर फारसं लागत नाही, आणि मला ते खटकतं.

‘ए’ गट हटल्यावर जंतूचे इतर गट डोकं वर काढत राहिले. म्हणून सीरम आणि पाथ यांनी ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवरची लस आणली. ‘एक्स’ गटावर त्याआधी कुठलीच लस नव्हती. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला पूर्वमान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरायला घेतली.

आता झारखंडात येऊ. तिथे झालेल्या एका चाचणीत औषध होतं तांदूळ आणि तूरडाळ. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांची ही ‘राशन्स’ चाचणी २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या क्षयाचे २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं. रुग्णांना सगळ्यांनाच शिधा मिळाला. घरच्या मंडळींचे मात्र चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटात माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, सहा महिने. दुसऱ्या गटात नाही. शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय ४८ टक्क्यांनी.

तांदूळ-डाळीचा हा परिणाम. एखाद्या लसीचा असा निकाल आला असता तर वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं असतं.

याच अभ्यासातला दुसरा आकडा सांगतो, पण जपून. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा भाषणांत फार फिरतो. पण शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्याचा आजार मुळात सौम्य, त्याचं वजन लवकर वाढणारच. म्हणून ३९ टक्क्यांवर जितक्या ठामपणे बोलता येतं, तितक्या ठामपणे ६१ टक्क्यांवर बोलता येत नाही. स्वतः संशोधकांनी दोन्ही निष्कर्ष दोन वेगळ्या शोधनिबंधांत मांडलेत. सार्वजनिक आरोग्याच्या स्नातकांनो, हा फरक मंत्रालयातल्या बैठकीत समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येईल, आणि समोर बसलेल्यांना मोठा आकडाच हवा असेल. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी महिन्याची रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० वरून १००० रुपये झाली. ती पुरेशी आहे का, आणि घरच्यांच्या ताटाचं काय, हे प्रश्न अजून उघडे आहेत.

मुंबईतलंही एक उदाहरण सांगायला हवं. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत जनुकीय बदल करून परत सोडतात: कार-टी उपचार. अमेरिकेत त्याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ‘नेक्सकार-१९’ तयार केलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. किंमत साधारण त्याच्या एक दशांश. अभिमान जरूर वाटावा. पण ‘स्वस्त’ हा शब्द मी वापरणार नाही. तीस-चाळीस लाख रुपये उभे करायला आपल्याकडे शेत विकावं लागतं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस फक्त उपयोगाच्या विज्ञानाचा पुरस्कर्ता दिसतो. तसं नाही, आणि माझ्याच मुद्द्याच्या विरोधातली साक्ष मीच देतो. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांच्याकडे वर्गात दाखवायच्या प्रतिकृतींचं काम आलं. लाकडी गोळे म्हणजे अणू, काठ्या म्हणजे बंध. गोळ्यांना कुठे भोकं पाडायची हे त्यांनी कारागिरांना आखून दिलं. गोळे जोडताना त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागांतच रचनेची सगळी माहिती भरलेली आहे. गोळे जणू आपोआप बरोबर जुळतात. मग खरे रेणूही असेच जुळतील का? दहा वर्षांहून अधिक काळ ती कल्पना मनात राहिली. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचे कार्बनी रेणू घेऊन आतून पोकळ असा स्फटिक प्रसिद्ध केला. तो नाजूक होता, कोसळायचा. पुष्कळांनी निरुपयोगी ठरवला. पुढे सुसुमू कितागावा आणि ओमर याघी यांनी अशा पोकळ चौकटी टिकाऊ केल्या. याघींच्या १९९९ च्या एमओएफ-५ या चौकटीच्या दोन-चार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. आज अशाच पदार्थांनी वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवलंय. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं तेव्हा रॉबसन ८८ वर्षांचे होते.

या लाकडी गोळ्यांना १९७४ मध्ये ‘किती रुपयांत’ असं कुणी विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं? काहीच नाही. म्हणून माझा आग्रह मी असा मर्यादित करतो: जिथे रोगी आणि रोग माहीत आहेत, तिथे किंमत आणि तापमान पहिल्या दिवशी विचारा. जिथे अजून फक्त कुतूहल आहे, तिथे माणसाला गोळ्यांशी खेळू द्या, आणि निधी समितीवर बसाल तेव्हा हे विसरू नका.

शेवटी एक अर्धवट राहिलेलं काम तुमच्यापुढे ठेवतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि आपल्या हातात मोठ्या माणसांसाठी खात्रीची लस नाही. ‘एम-७२’ नावाच्या लसीनं आधीच्या चाचणीत, क्षयाचा संसर्ग होऊन गेलेल्या प्रौढांत, आजार सुमारे निम्म्यानं रोखला. २०२४ च्या मार्चमध्ये तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी दक्षिण आफ्रिकेतून सुरू झाली. त्यात अनेक देशांतले वीस हजारांपर्यंत लोक आहेत. या लसीची ताकद वाढवणारा एक घटक आहे ‘क्यूएस-२१’. तो चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यासारखा फेस येणारी ती साल. झाडं मोजकी, साल मोजकी, शुद्धीकरण किचकट. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जे कीसलिंग यांच्या गटानं तोच रेणू संपूर्णपणे यीस्टमध्ये बनवून दाखवला, पण उत्पादन अगदीच अल्प आहे. ते वाढवायला जैवतंत्रज्ञ लागतील, शुद्ध करायला रसायनशास्त्रज्ञ. लस मेळघाटातल्या मे महिन्यात टिकेल अशी करायला कुणीतरी लागेल, आणि ती आधी कुणाला द्यायची, तांदूळ-डाळीसोबत द्यायची का, हे ठरवायलाही. तुमच्या वेगवेगळ्या इमारतींमधली माणसं त्यासाठी पुरेशी आहेत. एकमेकांचे फोन नंबर आज संध्याकाळीच घेऊन ठेवा.

तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन. तुमच्या शिक्षकांचंही. आणि मंडपात मागे इतका वेळ उभ्या असलेल्या पालकांचं जरा जास्तच.