मागच्या सीटवरचा पट्टा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठे भाषण मला जमायचे नाही. पण आपणा बायकांच्या कामाची एक गोष्ट सांगते, ती म्हणजे मोटारीतला पट्टा.

माहेरी जायचे असो की लग्नाला, आपण मागे बसतो आणि मूल मांडीवर घेतो. पुढचे लोक पट्टा लावतात. मागे कसली भीती, असे आपल्याला वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार भारी किमतीची होती. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सोबती मात्र गेले. त्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

मोटार एकदम थांबली, तरी आतले माणूस त्याच वेगाने पुढे जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार आदळली, तर १० किलोच्या मुलाचा भार क्षणभर शंभर किलोच्याही वर जातो. आईची माया कितीही असली, तरी हातांत तेवढे बळ नसते.

आपल्या पेणचे गणपती गावोगाव जातात. खड्ड्यात हलू नयेत म्हणून भोवती पेंढा दाबून भरतात. मग मुलाला मोकळे का ठेवायचे?

पट्टा नीट लावावा. खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा खांद्यावरून छातीवर यावा, काखेखालून नको. पदर चुरगळतो म्हणून टाळू नये. गरोदर बाईनेही लावावा, खालचा भाग पोटाच्या खालून घ्यावा. तान्ह्या बाळाची वेगळी खुर्ची मिळते. ती मागच्या सीटवर, बाळाचे तोंड मागे येईल अशी बांधतात. बारशाला चौघींनी मिळून तीच द्यावी.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय नेले तरी तो होतो.

“जवळच तर जायचे आहे,” असे घरात म्हणतील. पण जवळच्या वडखळला जायचे तरी गोव्याचाच हमरस्ता लागतो. तेव्हा गाडी सुरू होण्याआधी “सगळ्यांनी पट्टे लावले का?” असे सासूबाईंनीच विचारावे. मग सुनेला संकोच राहणार नाही.