लघू, गुरू आणि एक संख्यामाला



अमेरिकेतील लेखक ग्रेगरी पिंकस यांनी २००६ साली 'फिब' हा सहा ओळींचा काव्यप्रकार लोकप्रिय केला. त्याच्या ओळींत अनुक्रमे १, १, २, ३, ५ आणि ८ उच्चारावयव असतात. पुढची संख्या ही मागल्या दोहोंची बेरीज. या मालेस नाव मिळाले ते इटलीतील गणिती फिबोनाची याचे, त्याच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे. कवितेला गणिताच्या दावणीला बांधण्याचा हा परकीय खटाटोप, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याकडे ही माला गवसली तीच मुळी छंदांच्या अभ्यासात.

लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरेल? शाळा, वाचन, विचार, कविता, घरभर. पाचच, सहावी तऱ्हा नाही. पाच मात्रांना आठ, सहांना तेरा. शेवटचे अक्षर लघू असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. म्हणून आधीच्या दोन उत्तरांची बेरीज हेच नवे उत्तर. हा नियम विरहांकाच्या 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत ग्रंथात आहे, आणि इ. स. ११५०च्या सुमारास हेमचंद्राच्या 'छंदोनुशासना'तही. हेमचंद्र पाटणचा, वडोदऱ्याच्या वाचकाला तो परका नव्हे. हे दोन्ही ग्रंथ संपादिले मुंबईच्या प्रा. ह. दा. वेलणकरांनी, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

मराठीत फिब लिहू पाहणाऱ्यापुढे मात्र एक पेच उभा राहतो. 'घर' या शब्दात लिहिताना अक्षरे दोन. बोलताना उच्चारावयव एकच, कारण शेवटचा अकार जिभेवर येतच नाही. आपली ओवी-अभंगांची परंपरा अक्षरे मोजते. तीच धरली तर पहिल्या दोन ओळींत 'मी', 'तू', 'हे', 'ना' यांपलीकडे फारसे मावत नाही, आणि आरंभच पांगळा होतो. उच्चार धरला तर 'घर', 'ऊन', 'झाड' असे भरीव शब्द एकेका ओळीत सुखाने नांदतात. येथे डोळ्यांपेक्षा कानावर विसंबणे श्रेयस्कर.

तरीही एक भेद उरतो. फिबमध्ये संख्या हा साचा आहे. छंदःशास्त्रकारांनी तिने कवीची मोकळीक मोजली. नुसत्या मात्रा पाहिल्या तर सोळा मात्रांच्या एका ओळीचे लघुगुरुक्रम १५९७ होतात. ताल सांभाळताना त्यांतले पुष्कळ गळतात, हे खरे. उलट फिबच्या शेवटच्या ओळीतील आठ अक्षरांत आठापासून सोळापर्यंत कितीही मात्रा येऊ शकतात, आणि त्या किती असाव्यात याविषयी हा प्रकार मौन पाळतो.