विमानातून हवेचा हिशेब



जुन्नरच्या भूमीला मोजदादीची परंपरा नवी नाही. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा जो शिलालेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. आपल्या देशातील अंकचिन्हांच्या अतिप्राचीन पुराव्यांत या लेखाची गणना होते. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा होता, असे लोक सांगतात. त्याच तालुक्यात खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि अतिदूरच्या आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींची नोंद येथे होऊ लागली. आजच्या विवेचनाचा विषय मात्र इतका दूरचा नाही. डोक्यावरच्या दहा-बारा किलोमीटर हवेत कोणते वायू किती प्रमाणात साठले आहेत, आणि ते विमानात बसून कसे मोजतात, हा तो विषय होय. गाईंची मोजदाद त्यातही आहेच. फरक इतकाच की येथे त्यांच्या उच्छ्वासाचाही हिशेब मांडला जातो.

हरितगृह हा शब्द या भागातील शेतकऱ्यांना परका नाही. फुलांसाठी उभारलेल्या पॉलिहाऊसमध्ये दुपारी पाऊल टाकले की आतली ऊब अंगाला जाणवते. ऊन आत येते, पण उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. वातावरणातील काही वायू वेगळ्या रीतीने का होईना, पृथ्वीभोवती असाच परिणाम घडवितात. त्यांतील प्रमुख कार्बन डायऑक्साइड. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. २०२४ मध्ये ते प्रमाण ४२३ च्या आसपास गेले. दुसरा वायू मिथेन. त्याचे प्रमाण इतके अल्प की ते शंभर कोटी भागांत मोजावे लागते. पूर्वी ते ७०० च्या थोडे वर होते, आता १,९०० च्या पुढे आहे. प्रमाण अल्प असले तरी शंभर वर्षांच्या हिशेबात वजनास वजन धरून मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

मिथेनचा प्रश्न शेतकऱ्याच्या दाराशी येतो तो त्याच्या उगमामुळे. कोळशाच्या खाणी, तेलविहिरी आणि कचऱ्याचे ढीग यांतून तो निघतोच. पण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात आणि पाणी साचलेल्या भातखाचरांच्या चिखलातही तो तयार होतो. खाचरातील पाण्यामुळे मातीला हवा मिळत नाही, हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू तेथे वाढतात आणि त्यांनी निर्माण केलेला वायू बहुतांशी भाताच्या पोकळ देठातूनच वर येतो. आहुपे, भीमाशंकर, आंबे-हातवीज हा आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम पट्टा भाताचा आहे. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर या बाजूला बागायत आणि दुभती जनावरे. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांच्या जलाशयांत बुडालेली वनस्पती कुजते, तिचाही वाटा असतो. म्हणजे मिथेनचे जेवढे शेतीशी निगडित उगम पाठ्यपुस्तकात सांगितलेले असतात, ते बहुतेक सर्व कुकडी, मीना आणि घोड या तीन नद्यांच्या खोऱ्यांत एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळतात.

हे उगम किती मोठे, हा प्रश्न केवळ शास्त्राचा राहिलेला नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातील भातशेतीच्या नावावर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मांडण्यात आला होता. परदेशातील शेतांवरून काढलेला दर घ्यायचा आणि त्याला भारतातील भाताच्या क्षेत्राने गुणायचे, असा तो कागदावरचा गुणाकार होता. जागतिक तापमानवाढीचा दोष कोणत्या देशाच्या पदरी किती घालायचा, याची चर्चा त्याच सुमारास जोर धरीत होती. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आणि डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभरातील भातशेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली. रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक वेळाने तिच्यातील हवेचा नमुना घ्यायचा आणि त्यात मिथेन किती वाढला ते पाहायचे, अशी साधी पद्धत. उत्तर आले वर्षाला सुमारे ४० लाख टन. आधीच्या आकड्याच्या जवळजवळ एक नवमांश! भारतातील पुष्कळसे भात पावसावर वाढते, खाचरात पाणी सतत उभे राहत नाही, ही जी गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याने सांगितली असती, ती त्या गुणाकारात कोठेच धरलेली नव्हती.

तथापि पेटीलाही मर्यादा आहे. ती चार रोपांवर बसते; खोरे तिच्यात मावत नाही. शेजारच्या खाचरात पाणी कमी असेल, त्यापलीकडे शेणखत जास्त पडले असेल, तर आकडे बदलतात. संपूर्ण प्रदेशाची बेरीज हवी असेल तर ती हवेतच शोधावी लागते, कारण सर्व उगमांचा वायू शेवटी तेथे एकत्र येतो. विमानाची गरज पडते ती येथे.

संशोधन विमान पुणे जिल्ह्याला अपरिचित नाही. १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने डाकोटा विमानातून बारामतीच्या परिसरात ढगांवर मिठाची फवारणी करण्याचे प्रयोग केले आणि पावसात सुमारे २४ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच संस्थेने २००९ पासून ढग, वायुकण आणि पर्जन्यवृद्धी यांविषयीची नवी प्रयोगमालिका हाती घेतली. तिच्यातील २०१८ आणि २०१९ ची उड्डाणे सोलापूरहून झाली. या प्रयोगांचा मुख्य विषय ढग हा होता. वायूंची मोजणी करणाऱ्या विमानातील सामग्री निराळी असते.

अशा विमानाच्या अंगावर, इंजिनाच्या धुरापासून दूर राहील अशा जागी, एक बारीक नळी बाहेर काढलेली असते. तिच्यातून येणारी हवा प्रथम कोरडी करतात किंवा तिच्यातील बाष्प मोजून तेवढी वजावट करतात. नाही तर पावसाळ्यात आकडा उगाच कमी दिसतो. मग ती हवा वीतभर लांबीच्या एका पोकळीत जाते. पोकळीच्या टोकांना अतिशय स्वच्छ आरसे असतात. त्यांच्यामध्ये लेसर किरणाचा झोत सोडून एकदम बंद केला की प्रकाश आरशांवरून हजारो वेळा मागे-पुढे होत हळूहळू मंद होतो. किरणाचा विशिष्ट रंग मिथेन शोषून घेतो; म्हणून मिथेन जितका अधिक, तितका प्रकाश लवकर विझतो. हा विझण्याचा काळ सेकंदाच्या लाखाव्या हिश्शांत मोजला जातो. वीतभर पोकळीत प्रकाश अनेक किलोमीटरचा प्रवास करून येतो, हे या युक्तीचे खरे सामर्थ्य. उड्डाणाच्या वेळी मधूनमधून ज्ञात प्रमाणाच्या वायूची टाकी उघडून यंत्राची पारख केली जाते. बाजारात तराजूखाली खूण केलेले वजन ठेवून पाहावे, तशीच ही खबरदारी. याशिवाय काचेच्या चंबूंत हवा भरून खाली आणतात. प्रयोगशाळेत त्या हवेतील जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण तपासले की मिथेन चिखलातून व जनावरांच्या पोटातून आला की खाणीतून, याचा बराचसा उलगडा होतो. जिवाणूंनी बनविलेल्या मिथेनमध्ये जड कार्बन कमी असतो.

विमानाला उंची का हवी, याचे उत्तर पौष-माघातील पहाटे कुकडीच्या खोऱ्यात उभे राहिल्यास मिळते. चुलींचा आणि गुऱ्हाळांचा धूर वर न जाता शेतांवर आडवा पसरलेला असतो. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, अशी ती स्थिती. ऊन चढले की हे झाकण उचलले जाते आणि दुपारी तीच हवा एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. मीठ तेवढेच, पाणी मात्र पहाटे वाटीभर आणि दुपारी हंडाभर! जमिनीवरच्या यंत्राला पहाटे मिथेन अधिक आणि दुपारी कमी दिसतो. उगम मात्र बदललेला नसतो. विमान गोल घिरट्या घेत वर चढते तेव्हा या हंड्याची खोली त्याला प्रत्यक्ष मोजता येते.

त्यानंतरचे काम जकातनाक्यासारखे आहे. प्रदेशाच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला विमान वेगवेगळ्या उंचीवर आडव्या फेऱ्या मारते. ही आवक. मग दुसऱ्या बाजूला तशाच फेऱ्या. ही जावक. जावकेतून आवक वजा केली आणि वाऱ्याचा वेग व घुसळलेल्या थराची उंची लक्षात घेतली की मधल्या मुलखाने हवेत किती भर घातली ते निघते. ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा घाटमाथ्यापासून आळेफाट्यापर्यंतचा टप्पा दोन-तीन तासांत ओलांडतो. एवढ्या अवधीत १,९०० च्या आकड्यात पडणारी भर थोडीच असते. यंत्राच्या पारखेचा एवढा आग्रह का, ते यावरून ध्यानात येईल. पावसाळ्यात नाणेघाटावर आपटणारा वारा अरबी समुद्रावरून येतो, त्यामुळे आवक पुष्कळशी स्वच्छ असते ही सोय. परंतु कड्यांशी ढग उतरलेले असताना सखल उड्डाण करणे धोक्याचे, ही अडचणही तितकीच मोठी.

समुद्रावरच्या या स्वच्छ आवकेचा उपयोग गोव्यातील काबो द राम येथे करण्यात आला. १९९३ पासून तेथे किनाऱ्यावर हवेचे नमुने चंबूंत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत पाठविले जात. पावसाळ्यात समुद्राची आणि हिवाळ्यात भूमीकडची हवा एकाच जागी सापडते, हा त्या ठिकाणाचा विशेष. २००९ पासून पुण्याच्या संस्थेने सिंहगडावर अशीच नमुने घेण्याची व्यवस्था केली. तो गड जुन्नरपासून फार दूर नाही आणि त्याच सह्याद्रीच्या रांगेतला आहे.

उपग्रह असताना विमानाचा खर्च कशासाठी, अशी शंका रास्त आहे. शिवाय विमान स्वतः धूर सोडते, तो भाग वेगळाच. जपानने जानेवारी २००९ मध्ये सोडलेला गोसॅट उपग्रह मिथेन मोजतो. पण तो परावर्तित सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने ढगांपलीकडे त्याला दिसत नाही. भात पाण्यात उभे असते ते नेमके आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा आभाळ झाकलेले! ही उणीव प्रवासी विमानांनी काही अंशी भरून काढली. युरोपीय शास्त्रज्ञांनी सुमारे दीड टन वजनाची उपकरणांची पेटी एका प्रवासी विमानाच्या मालकक्षात बसविली आणि २००८ मध्ये फ्रँकफर्ट-चेन्नई मार्गावर महिन्यामागून महिने नमुने गोळा केले. पावसाळ्याच्या महिन्यांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर मिथेन स्पष्टपणे वाढलेला आढळला. मोसमी मेघ जमिनीलगतची हवा उपसून इतक्या वर नेतात, आणि तिच्याबरोबर खाचरांतील आणि गोठ्यांतील वायूही वर जातो.

या सर्व साधनांचा मेळ घालून ब्रिस्टल विद्यापीठाच्या अनिता गणेशन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० ते २०१५ या काळात भारतातून वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख टन मिथेन हवेत गेला, असे त्यांना आढळले. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या हिशेबाशी हा आकडा जुळला. एका प्रचलित आंतरराष्ट्रीय सूचीतील आकड्यापेक्षा तो बराच कमी होता. त्या वर्षांत लक्षणीय वाढही दिसली नाही. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक देशांनी मिथेन ३० टक्क्यांनी घटविण्याची प्रतिज्ञा केली, तीत भारत सामील झाला नाही. अल्पभूधारकाची भाकरी आणि दूध यांच्याशी हा वायू बांधलेला आहे, हा त्यामागील विचार. अशी भूमिका घेताना हाती जुळलेला हिशेब असणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

विमानाने दिलेली बेरीज कोणाकोणात वाटायची, हे मात्र विमान सांगू शकत नाही. त्यासाठी खालची दप्तरे लागतात. कोणत्या गटात भात, कोणत्या गटात ऊस, हे सातबाऱ्यावरील पीक पाहणीवरून कळते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याला ही नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करता येऊ लागली. बांधावर न जाता गेल्या वर्षीचेच पीक पुन्हा लिहिले गेले, तर लेसरच्या अचूकतेचा काही उपयोग होत नाही. जनावरांचेही तसेच. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो आणि म्हशीला ५५ किलो मिथेन असा सरसकट दर २००६ मध्ये ठरविण्यात आला. ओढकामाच्या बैलाचा, भाकड जनावराचा आणि डोंगरातल्या चाऱ्यावर जगणाऱ्या लहानखुऱ्या देशी गाईचा हिशेब या दराने होत नाही. म्हणून आपल्या देशाच्या गणनेत संकरित, देशी आणि म्हैस हे वर्ग वेगळे ठेवलेले असतात. २१ व्या पशुगणनेचे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हा प्रगणकाने गोठ्यात येऊन विचारलेला जनावराच्या जातीचा आणि वयाचा तपशील याच कारणाने महत्त्वाचा. भीमाशंकरच्या उतारावरील दोन देशी गाई आणि मंचरच्या गोठ्यातील दोन संकरित गाई त्या नोंदवहीत एकाच रकान्यात पडल्या, तर वरून जाणाऱ्या विमानाला तो फरक पुन्हा वेगळा करता येत नाही.